तिसऱ्या खोलीतील गुरुवार

"वर चढा ना! नुसते बघत काय उभे राहिलात? पंखा काय आपण होऊन खाली उतरणार आहे?"

हे तिने त्याला उद्देशून उच्चारलेले पहिलेच वाक्य. प्रेमाचा आरंभ याहून मृदू शब्दांनी व्हावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. तथापि जे घडले ते असे घडले.

तिसऱ्या खोलीतील पंखा सकाळपासून कुरकुरत होता आणि दुरुस्तीवाल्यास तिने तीन वेळा फोन केला होता. अशा वेळी खांद्यावर जड पिशवी घेतलेला एक उंच, चष्मेवाला तरुण दारात प्रकट झाला, तेव्हा तिने त्यास बोलण्याची उसंतच दिली नाही. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, पायांना कापडी खोळ, हा शेडचा नियम तिने त्याच्याकडून घाईघाईने पाळून घेतला आणि स्टुलाकडे बोट दाखवले. तो काही सांगण्यासाठी ओठ उघडत होता, तोच ते ओठ मास्कखाली गेले.

तो निमूटपणे वर चढला. पात्यांवरील धूळ त्याने पुसली, सैल झालेला स्क्रू नाण्याने आवळला, आणि पंखा शहाण्या मुलासारखा फिरू लागला. तदनंतर खाली उतरून, हात पुसून, त्याने पिशवीतून बिल काढण्याऐवजी ओळखपत्र काढले.

"मी अन्नसुरक्षा कार्यालयातून आलोय. सेन्सर तपासायला."

तिच्या मुखावरील रंग मास्कमुळे दिसला नाही, हे तिचे भाग्य.

"अगोबाई! मग आधी बोलायचं नाही का?"

"बोलणारच होतो. तुम्ही मधे जागाच सोडली नाहीत."

शेजारच्या खोलीतून तिच्या मावशीचे खो-खो हसणे ऐकू आले, आणि पंख्याच्या वाऱ्यातही तिचे कान तापले.

ती अळंबी पिकवीत असे. शहर जेथे संपते आणि शेते जेथे धड सुरू होत नाहीत, अशा जागी पत्र्याच्या छपराची तिची लांबट शेड होती. तीन खोल्या, खोलीत जमिनीपासून छतापर्यंत मांडण्या, आणि मांडण्यांवर पिशव्यांतून डोकावणाऱ्या पांढऱ्या टोप्या. हे सर्व तिच्या आईने उभे केले होते. आई गेल्यानंतर ती आणि मावशी अशा दोघींनी ते सांभाळले, आणि सारा परिसर तिला 'अळंबीवाली' म्हणून ओळखू लागला.

अळंबी हे पीक दिसावयास साधे, परंतु स्वभावाने मानी. ऊन नको, धूळ नको, आणि कोंदट हवा तर मुळीच नको. अळंबीदेखील प्राणिमात्रासारखी श्वास सोडते. खोलीतील हवा कोंदली की तिचे देठ लांबतात, टोप्या खुज्या राहतात. म्हणून प्रत्येक खोलीस पंखा, आणि म्हणूनच आईने घालून दिलेली एक रीत होती. जो कोणी पंखा बंद करील त्याने दारावर खडूने वेळ लिहायची, आणि चालू केल्यावर पुन्हा लिहायची. "माणूस विसरतं, खडू विसरत नाही," असे आई म्हणे. दार खालपासून वरपर्यंत भरले की ओल्या फडक्याने पुसायचे.

तिची अळंबी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात जात असे. रोग्याच्या ताटात पडणाऱ्या अन्नावर कार्यालयाची नजर असणे योग्यच. त्यामुळे नव्या नियमाप्रमाणे प्रत्येक खोलीच्या भिंतीवर साबणाच्या डबीएवढी एक पांढरी पेटी बसवण्यात आली होती. ती पेटी खोलीचे तापमान, दमटपणा आणि कोंदट हवेचा आकडा दर मिनिटाला टिपून रोज रात्री कार्यालयास कळवी. दाराबाहेरील छोट्या पडद्यावरही तोच आकडा दिसे. तो बाराशेच्या वर गेला की कार्यालयात लाल ठिपका उमटे. आणि पेटी खरे बोलते की नाही, हे पाहण्यासाठी दर गुरुवारी हा तरुण येऊ लागला.

तपासणीची पद्धत ठरलेली होती. पंखा बंद करायचा, हवा स्थिर होऊ द्यायची, आणि हातातील यंत्राचा आकडा पेटीशी ताडून पाहायचा. "पाचच मिनिटं," असे तो प्रत्येक खोलीच्या दारात म्हणे. त्यामुळे मावशीने दुसऱ्याच गुरुवारी त्याचे नामकरण उरकून टाकले.

"अगं, पाचमिनिटे आले बघ तुझे!"

"माझे काय म्हणून, मावशी?"

"मी समोर असते तेव्हा त्यांची मान यंत्रातून वर होत नाही. म्हणून तुझे."

पहिल्या दोन खोल्या मावशी उघडून देई. तिसरी खोली मात्र अळंबीवालीची. त्या खोलीत बारीक तुषार सोडणारे यंत्र होते. आत पाऊल टाकताच त्याचा चष्मा धूसर होई आणि तो आंधळ्यासारखा जागीच उभा राही. मग ती स्वच्छ फडके त्याच्या हातात देई. त्या फडक्याच्या देवघेवीत बोटाला बोट लागले की नाही, याविषयी तिच्या मनात दर गुरुवारी वाद होई आणि निकाल कधीच लागत नसे.

"किती आला आकडा?"

"नऊशे बारा."

"नऊशे म्हणा की. बारांनी काय बिघडतं?"

"मग त्या बारांना मी कुठे टाकू?"

हे तो विनोदाने म्हणतो की गांभीर्याने? काही कळावयास मार्ग नव्हता. पहिल्या दिवशीच्या गडबडीत तिने त्याचा चेहरा धड पाहिलाही नव्हता आणि पुढे तो मास्क चढवूनच आत येई. टोपी आणि मास्क यांच्या मधोमध दोन डोळे तेवढे दिसत. अर्धे पान फाटलेले पत्र वाचावे तशी तिची गत होई. शब्द कळत, परंतु वाक्य पुरे होत नसे.

"तुम्हाला अळंबी आवडते का हो?"

"चांगला असतो तिचा आकडा."

"मी चव विचारली."

"खाल्ली नाही कधी. तपासणाऱ्यानं तिथलं खायचं नसतं. नियम आहे."

"आणि बघायचं असतं का? नियमात?"

"बघायचं… असतं. नोंद करायची नसते."

एवढे बोलताच त्याच्या हातातील पेन खाली पडले, ते उचलताना टोपी पडली, आणि टोपी उचलताना चष्मा. अळंबीवालीने हसू मास्कमध्ये दाबले. तथापि डोळ्यांतील हसू कोठे दाबावे, हे तिला कोणी शिकवले नव्हते.

असे सात गुरुवार गेले. हा मनुष्य येतो तो पेटीसाठी की आपल्यासाठी, हा प्रश्न तिने आरशाला विचारला, पिशव्यांना विचारला, एकदा तर भिंतीवरील पांढऱ्या पेटीलाही विचारला. पेटीने तापमान तेवढे सांगितले.

आणि मग एका सोमवारी तो आला. सोमवार हा त्याचा वार नव्हता. तोंडावर नेहमीचा मास्क, आणि हातात लिफाफा होता.

पत्र अगदी थोडक्यात होते. 'खोली क्रमांक तीन. सलग तीन गुरुवारी पहाटे पाच ते सहाच्या दरम्यान कोंदट हवेच्या आकड्यात मर्यादेबाहेर वाढ. कारण : अज्ञात. चौथ्यांदा असे घडल्यास व दोन दिवसांत कारण लेखी न दिल्यास खोली सील करून रुग्णालयाचा पुरवठा थांबवण्यात येईल.'

तिने ते दोनदा वाचले. रुग्णालय सुटले तर तीन खोल्यांची अळंबी कोण घेणार? आणि एकदा सील लागलेल्या शेडकडे पुन्हा कोण वळून बघणार?

"पहाटे पाचला इथं चिटपाखरू नसतं!"

"म्हणूनच कारण अज्ञात."

"हे तुम्ही लिहिलंत?"

"आमच्या मोठ्या बाईंनी. मी फक्त… आणलं."

"पोस्टानं आलं असतं की."

"आलं असतं. पण पोस्टमनला तुमच्या प्रश्नांची उत्तरं देता आली नसती."

"आणि तुम्हाला येतात?"

"नाही," तो प्रांजळपणे म्हणाला.

मग तिघांनी मिळून तिसरी खोली उलटीपालटी केली. पंख्याची वायर पाहिली, दाराची रबरी पट्टी पाहिली, पेटी काढून पुन्हा लावली. पेटी निर्दोष होती. पलीकडच्या पाववाल्याची भट्टी पहाटे पेटते, तिचा धूर येत असेल, असे तिला वाटले. तो धावत जाऊन विचारून आला. भट्टी गुरुवारी बंद असते.

"मांजर असेल," मावशी म्हणाली. "आत जाऊन झोपत असेल."

"मावशी, मांजराला कडी काढता येते का?"

"मग अळंबीला पहाटे स्वप्नं पडत असतील. मला नका विचारू, मी फार शिकलेली नाही."

त्याने वहीत लिहिले : 'मांजर. शक्यता कमी.' अळंबीवालीला एकाच वेळी हसू आणि रडू आले, आणि त्यांपैकी कोणते आधी येऊ द्यावे, हे तिला कळेना.

"गुरुवारी पहाटे आपणच बसून बघू," तो म्हणाला. "मी येईन."

"हेही नियमात आहे?"

"नियमाच्या विरुद्ध नाही," तो म्हणाला, आणि जाताना दारालाच धडकला.

तिसऱ्या खोलीचे दार मागील अंगणात उघडे. गुरुवारी पाच वाजण्यापूर्वी तो सायकलवरून आला, तेव्हा आकाश राखेच्या रंगाचे होते. मावशी 'राखण' म्हणून घोंगडी पांघरून भिंतीला टेकली आणि पाच मिनिटांत घोरू लागली. पावसाची भुरभुर सुरू झाली, तसे दोघांनी आपापले पालथे क्रेट छपराच्या कडेखाली ओढले. कडा अरुंद होती. क्रेटांना जवळ येण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पडद्यावर आकडा होता नऊशे आठ.

येथे अंगणात मास्क नव्हता, टोपी नव्हती. उजाडू लागले तसतसा त्याचा चेहरा, बुडालेल्या पायऱ्या ओहोटीत दिसू लागाव्यात तसा, हळूहळू वर आला. किंचित वाकडे नाक, खळी फक्त एकाच गालावर, आणि ओठ… ओठ हसरे होते! म्हणजे इतके दिवस तो त्या मास्कखाली हसत होता की काय?

"काय झालं?" त्याने विचारले.

"काही नाही. आकडा बघत होते."

"आकडा त्या बाजूला आहे."

तिने मान वळवली.

"तुमच्या हनुवटीवर तीळ आहे," तो अचानक म्हणाला.

"आहे. नोंद करायचीय का?"

"झाली," तो अगदी हळू म्हणाला. इतका हळू की खरोखर म्हणाला की भास झाला, याविषयी ती पुढे दिवसभर साशंक राहिली.

सव्वापाच झाले, साडेपाच झाले, सहा वाजले. आकडा नऊशे सातवर आला, दहावर गेला, पुन्हा आठवर स्थिरावला. काहीही घडले नाही. तिने आनंदाने टाळी वाजवली, त्या आवाजाने मावशी "मांजर! मांजर!" करीत उठली, आणि तिघेही पोट धरून हसले.

त्या दिवशी अकरा वाजता नेहमीची तपासणीही व्हायचीच होती. पहिल्या दोन खोल्या आटोपून तो तिसऱ्या खोलीशी आला. तिने पंखा बंद केला, सवयीप्रमाणे दारावर खडूने वेळ लिहिली आणि दार लोटले. आकडे ताडून झाले, यंत्र पिशवीत गेले. परंतु संकट टळल्यावर माणसाजवळ बोलण्यासारखे फार असते. तिने आईविषयी सांगितले. त्याने सांगितले की लहानपणी तो घराच्या जिन्याच्या पायऱ्या रोज मोजत असे, न जाणो एखादी कमी झाली तर!

"झाली कधी?"

"नाही. पण मोजली नसती तर कळलं कसं असतं?" आणि मग आवाज उतरवून : "मला तुम्हाला एक… विचारायचं होतं. तपासणीच्या बाहेरचं."

"विचारा ना…"

"अहो पाचमिनिटे!" दारावर मावशीची थाप पडली. "चहा उकळून उकळून काढा झाला! आज पेटीचं बाळंतपण करताय की काय?"

प्रश्न तेथेच राहिला. तिने पंखा चालू केला, वेळ लिहिली, आणि तो प्रश्न काय असेल या विचारात चहात दोनदा साखर घातली.

शुक्रवारी सकाळी तो पुन्हा दारात उभा होता. हातात चारही गुरुवारांच्या आलेखाचा छापील कागद, आणि चेहरा असा की जणू जिन्याची एक पायरी खरोखरच नाहीशी झाली आहे.

"वाढ आलीय. पहाटे पाच दहापासून. आजवरची सर्वांत मोठी."

"कसं शक्य आहे? आपण दोघं समोर बसलो होतो!"

"तेच मला कळत नाही. पेटी खोटं बोलत नाही, हे मी स्वतः तपासलंय. आणि आपण…"

"आपण काय? मी झोपले होते म्हणायचंय तुम्हाला? की मीच मागून काही केलं?"

"तसं नाही हो. मला तर मीच जागा होतो का, याची शंका यायला लागलीय."

"पेटीवर विश्वास आहे, माणसावर नाही, असं सरळ म्हणा."

हे शब्द बोलताच तिला ते परत घ्यावेसे वाटले. परंतु शब्दास ना कडी ना दार. "उद्या चारपर्यंत कारण द्यायचंय. मी दुपारी फॉर्म घेऊन येतो," एवढे म्हणून तो गेला. आलेखाचा कागद क्रेटवरच राहिला.

ती दिवसभर संभ्रमात वावरली. त्याच्यावर रागवावे, तर त्याचा चेहराच अपराध्यासारखा झालेला. स्वतःवर रागवावे, तर अपराध कोणता? सायंकाळी हातास काही काम असावे म्हणून तिने ओले फडके घेतले. तिसऱ्या खोलीचे दार खडूने वरपर्यंत भरले होते. तिने फडके पिळले, हात उचलला… आणि तो तसाच राहिला.

दारावर कालची ओळ होती : 'गुरुवार. बंद ११:१०. चालू १२:०२.'

तिने क्रेटवरील कागद उचलला. आलेखाची रेघ पाच दहाला चढू लागली होती आणि सहा दोनला उतरू लागली होती.

बावन्न मिनिटे. इकडेही बावन्न, तिकडेही बावन्न.

तिने त्याच्या आधीचा गुरुवार पाहिला. दारावर ११:१४ ते ११:५२, कागदावर ५:१४ ते ५:५२. त्याच्या आधीचाही पाहिला. मिनिटास मिनिट जुळत होते, केवळ तास सहाने मागे होते. पेटी खोटे बोलत नव्हती. पेटीचे घड्याळ कारखान्यातूनच सहा तास मागे लागून आले होते, आणि ते कोणी बदललेच नव्हते! पहाटेचे असे काही नव्हतेच. ते सकाळी अकराचे होते. आणि सकाळी अकरा वाजता, पंखा बंद करून, दार लोटून, त्या लहानशा खोलीत अळंबीखेरीज श्वास घेणारे कोण होते?

फडके तिच्या हातून खाली पडले.

शनिवारी दुपारी तो आला तो फॉर्म भरूनच आला होता. अंगणात, छपराच्या कडेखाली, त्याने तो तिच्यापुढे धरला. "फक्त तुमची सही हवी."

'कारण' या रकान्यात त्याने स्वच्छ अक्षरात लिहिले होते : 'पेटी सदोष. तपासणीत निरीक्षकाची चूक.'

"पण पेटी चांगली आहे," ती म्हणाली.

"हो."

"मग हे खोटं आहे."

"हो." त्याने मान खाली घातली. "खोली वाचेल. एवढं पुरे."

नऊशे बारांचे नऊशे न करणारा हा मनुष्य! तिने त्याचा हात, आयुष्यात प्रथमच आणि कोणत्याही फडक्यावाचून, हातात धरला आणि त्याला दारासमोर उभे केले.

त्याने दार वाचले. कागद वाचला. पुन्हा दार वाचले. त्याचे कान आधी गुलाबी आणि मग लाल झाले.

"घड्याळ… मी घड्याळ तपासलंच नाही. फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता. म्हणजे अकराला… खोलीत दोन माणसं…"

"बंद पंखा. लहान खोली."

त्याने ओठांतल्या ओठांत काही गुणाकार केला. "हिशेब जुळतो."

"एवढंच? हिशेब जुळतो?"

तो दाराकडे वळला आणि गुरुवारच्या ओळींवरून बोट फिरवीत, एखादी प्रार्थना म्हणावी तसा वाचू लागला. "पाच. सहा. अकरा. सतरा. चोवीस. एकतीस. अडतीस. बावन्न." बोट थांबले. "हे वाढतच गेलंय."

"मला कळलंच नाही."

"मलाही नाही. आणि माझं तर कामच वाढ ओळखायचं आहे."

"यंत्र स्थिर व्हायला किती वेळ लागतो हो?"

"दोन मिनिटं."

"आणि उरलेली पन्नास?"

त्याने चष्मा काढून पुसला. "ती मी स्थिर व्हायला," तो म्हणाला. "पण झालो नाही."

पत्र्यावरून सकाळच्या पावसाचा एक थेंब दोघांच्या मधोमध पडला. तिला वाटले, याच क्षणी काहीतरी बोलावे. परंतु फॉर्म अजून तिच्या हातात होता, आणि घड्याळात तीन वाजून गेले होते.

"खरं लिहिलं तर तुमचं काय होईल?"

"समज देतील. हा भाग काढून घेतील. जिथं मन गुंतलंय तिथं तपासणी करायची नसते. नियम बरोबर आहे."

"आणि हेच खोटं राहू दिलं तर?"

"तर… पुढच्या गुरुवारी मी येईन."

असा तो पेच होता. खोटे लिहिले तर खोलीही वाचत होती आणि गुरुवारही. खरे लिहिले तर खोली वाचत होती, गुरुवार जात होता. तिच्या मनाने क्षणभर, अगदी एक क्षण, गुरुवार निवडला.

"अशा पेट्या किती ठिकाणी आहेत?" तिने विचारले.

"बेचाळीस शेडमध्ये."

"सगळ्यांची घड्याळं अशीच असतील?"

"असतील."

"मग उद्या दुसऱ्या कुणाची खोली सील होईल. पहाटे काय घडलं हे शोधत तेही बसतील. आणि त्यांच्या दारावर खडू नसेल."

तिने तो फॉर्म शांतपणे चार तुकडे करून फाडला. तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि त्या पाहण्यात या वेळी अर्धे पान फाटलेले नव्हते.

त्याने पिशवीतून कोरा फॉर्म काढला. घड्याळाची चूक सविस्तर लिहिली, दाराचे छायाचित्र पुरावा म्हणून जोडले. 'कारण' या रकान्यात लिहिले : 'पंखा बंद असताना खोलीत दोन व्यक्ती, बावन्न मिनिटे.' पुढचा रकाना होता 'थांबण्याचे प्रयोजन'. तेथे पेन अडले.

"काय लिहू?"

"जे होतं ते लिहा."

"ते या रकान्यात मावत नाही हो."

तिने पेन घेतले आणि स्वतःच्या हाताने लिहिले : 'बोलणे.'

आता शेवटचा रकाना राहिला : 'पुन्हा असे घडू नये म्हणून करावयाचा उपाय'. त्याने पेन परत घेतले. काही वेळ तो तिच्या हनुवटीवरील तिळाकडे पाहत होता. मग एक एक अक्षर कोरावे तसे त्याने लिहिले : 'यापुढे उभयतांचे बोलणे खोलीबाहेर, उघड्या हवेत, आणि गुरुवारखेरीज अन्य सर्व वारी करण्यात येईल.' आणि फॉर्म तिच्यापुढे धरून, आवाज सावरीत म्हणाला, "उपायाला शेडमालकाची संमती लागते. परवा हेच विचारायचं राहिलं होतं."

तिने सही केली. तिची सही नेहमी सरळ येई. त्या दिवशी ती चांगलीच वाकडी आली.

बुधवारी मोठ्या बाईंचे उत्तर आले. 'कारण मान्य. सर्व पेट्यांची घड्याळे तत्काळ दुरुस्त करावीत. संबंधित निरीक्षकास समज देऊन अन्य विभाग देण्यात येत आहे. उपायाची अंमलबजावणी विलंब न लावता करावी.'

दुसऱ्या दिवशी गुरुवारी नवा निरीक्षक आला. पोट सुटलेला, वयस्क, गप्प. त्याने तिसरी खोली पाच मिनिटांत तपासली आणि निघून गेला. अळंबीवालीने दारावर वेळ लिहिली : ११:१० ते ११:१५. खडू ठेवताना तिला ती पाच मिनिटे फार रिकामी वाटली. लिहिलेल्या उपायावर विश्वास ठेवावा की न ठेवावा, हे कोडे तिला रविवारपर्यंत पुरले.

रविवारी सकाळी सायकलची घंटा वाजली. तो आला. खांद्यावर पिशवी नव्हती, हातात यंत्र नव्हते. त्यामुळे हातांचे काय करावे हे त्यास कळत नव्हते. अंगणात दोन क्रेट पालथे घातलेले होते. पाऊस नव्हता, कडेखाली बसण्याचे काही कारण नव्हते. तरी ते जवळजवळच ठेवलेले होते.

मावशीने वाफाळत्या अळंबीची ताटली त्याच्यापुढे ठेवली. "आता तपासणारे नाही ना तुम्ही? मग खा."

त्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"कशी आहे?" अळंबीवालीने विचारले.

"आकड्यात सांगता येत नाही," तो म्हणाला.

मग दोघे बोलू लागले. मावशी आत गेली, पिशव्या हलवून आली, तरी ते बोलतच होते. मावशी पुन्हा बाहेर आली. तिसऱ्या खोलीचे दार आदल्या दिवशी पुसून लख्ख झाले होते; गुरुवारच्या आठ ओळींना तेवढे फडके लागले नव्हते. मावशीने दारामागील खडू उचलला, चष्मा नाकावर सारला, आणि त्या आठ ओळींच्या खाली, घरची रीत मोडू नये म्हणून, मोठ्या अक्षरांत लिहिले :

'रविवार. बोलणं चालू १०:०५. बंद'

आणि पुढची जागा कोरी सोडून, खडू खिळ्यावरच्या डबीत ठेवून, ती चहाचे आधण चढवायला आत गेली.